पातळ पुस्तकं आधी

पोरी, कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या माणसाला वाचणाऱ्याची कुंडली परत आलेल्या पुस्तकावरून कळते. डिकन्सची नाहीतर हार्डीची जाडजूड कादंबरी काउंटरवर परत येते. उघडून बघावं तर पहिल्या पानावर जवळजवळ प्रत्येक ओळीत शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले. दुसऱ्या पानावरही तसंच. पाचव्या-सहाव्या पानापासून अर्थ विरळ होत जातात आणि दहाव्याच्या आसपास पान एकदम कोरं. तिथून पुढचं सगळं समजायला लागलं म्हणून कोरं नव्हे. पोरगं तिथंच थांबलं म्हणून. मग खोडरबरानं ते अर्थ पुसायचे आणि पुस्तक पुन्हा कपाटात लावायचं, पुढच्या जूनपर्यंत.

तू परवा फोनवर विचारलंस, "काका, सायन्सचं लेक्चर डोक्यावरून जातं, इंग्रजी सुधारायला काय वाचू?" फोनवर उरकण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून लिहितोय. बाकीचे जे सांगतील ते आधी सांगून टाकतो: रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच, अडलेले शब्द वहीत उतरव, रोज दहा शब्द पाठ कर. सांगणाऱ्यांच्या मनात तुझं भलंच असतं. पण यातलं काहीही करू नकोस. निदान पहिली दोन वर्षं तरी नको.

मी सांगतो ते ऐकायला सोपं आणि करायला जरा लाजिरवाणं आहे. तुला अगदीच सोपी वाटतील अशी पातळ पुस्तकं घे आणि ती ढिगानं वाच. इतकी सोपी, की दोन पानांनंतर आपण इंग्रजी वाचतोय हे विसरायला व्हावं. शिकवणारे लोक याला विस्तृत वाचन म्हणतात. अभ्यासक्रमातला धडा ओळ न ओळ सोडवत वाचतो ते सखोल वाचन. ते तुला शाळेपासून येतं, कारण आपल्याकडे दुसरं काही करूनच घेत नाहीत. रॅपिड रीडर नावाचं पुस्तक असायचं खरं, भराभर वाचून आनंद घ्यावा म्हणून. पण त्याचीही प्रश्नोत्तरं फळ्यावर आली आणि त्यातला रॅपिडपणा गेला.

सोपं म्हणजे किती, याचा हिशेब आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन हे या विषयातलं मोठं नाव. त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर २००० साली दाखवून दिलं, की गोष्ट कोशाशिवाय नीट समजायची असेल तर तिच्यातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द आधीच ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांमागे एक अनोळखी. लहान आकाराच्या पुस्तकाच्या पानावर दोनशे ते अडीचशे शब्द असतात, तेव्हा पानाला चार-पाच नवे शब्द चालतील. विसांत एक अडला तर पानाला दहा-बारा झाले. गोष्ट कळेल, पण दम लागेल. दहांत एक अडला तर वाचन संपलं आणि शब्दकोशाची हमाली सुरू झाली. म्हणून पुस्तक इश्यू करण्याआधी कपाटाशीच उभी राहा, मधलं कुठलंही पान उघड आणि अडलेल्या शब्दागणिक एक बोट मिटत जा. पान संपायच्या आत मूठ वळली तर पुस्तक जागच्या जागी ठेव. पहिलं पान बघू नकोस, पहिल्या पानावर लेखक नटलेला असतो.

आता ही पुस्तकं असतात कुठे, ते नीट ऐक, कारण इथंच बहुतेक मुलं चुकतात. तुमच्या कॉलेजात ड्यूईच्या दशांश पद्धतीनं पुस्तकं लावलेली असणार. इंग्रजी कादंबऱ्या ८२३ या आकड्याखाली असतात आणि सगळे तिकडेच जातात. तुझी पुस्तकं ४२८ च्या खणात, व्याकरणाच्या आणि पत्रलेखनाच्या पुस्तकांच्या आसपास पडलेली असतात, त्यातही ४२८.६ पासून पुढे बघ. पाठीवर नाव मावत नाही इतकी ती पातळ असतात, म्हणून दोन जाड ग्रंथांच्या मधे दबून जातात. हात घालून ओढून काढायची. ग्रेडेड रीडर्स म्हणतात त्यांना. कित्येक ग्रंथालयांत ती खरेदी होतात, शिक्के बसतात आणि तारखेच्या चिठ्ठीवर एकही तारीख पडत नाही.

यात पायऱ्या असतात. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेचं उदाहरण घे. पहिल्या पायरीवरचं पुस्तक साधारण ४०० मूळ शब्दांत लिहिलेलं असतं, दुसऱ्या पायरीवर ७००, तिसरीवर १०००, असं चढत सहाव्या पायरीला २५०० पर्यंत जातं. मलपृष्ठावर पायरी छापलेली असते. पेंग्विनची मालिका आहे, केंब्रिजची आहे. केंब्रिजवाले जुन्या कादंबऱ्यांचे संक्षेप करण्याऐवजी नव्या गोष्टी लिहून घेतात, त्यामुळे मला त्या जास्त आवडतात. संक्षेपात कधीकधी नुसता सांगाडा उरतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला दुसरी पायरी झेपेल असं तुला वाटेल. तरी पहिलीपासून सुरू कर. पहिल्या पायरीवरचं पुस्तक पाच-सहा हजार शब्दांचं असतं, तासाभरात संपतं, आणि इंग्रजी पुस्तक आपण स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं ही चव एकदा जिभेवर यावी लागते. पायरी कधी बदलायची? त्या पायरीवर वाचताना वेग मराठीच्या जवळ जायला लागला की. घाई नको. आणि वरच्या पायरीवर गेल्यावर मधूनच खालचं एखादं पुस्तक घ्यावंसं वाटलं तर खुशाल घे.

हा खटाटोप मूळचा आपल्याच बाजूचा आहे, हे फार कुणाला माहीत नसतं. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी एक पुस्तक सरळ वाचू शकत नाहीत, हे त्यानं पाहिलं. दोष त्यानं मुलांना दिला नाही, पुस्तकांना दिला: एकेका पानावर इतके नवे शब्द कोंबलेले, की एक पचायच्या आत दुसरा येतो, आणि त्यातले निम्मे पुन्हा कधी भेटतही नाहीत. त्यानं दुर्मीळ शब्द काढून रोजचे घातले, नवे शब्द अंतरानं पेरले आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा येईल अशी व्यवस्था केली. १९२६ साली त्याचा बंगालवरचा अहवाल निघाला, मागोमाग त्याच्या न्यू मेथड वाचनमाला आल्या. पुढे १९५३ मध्ये त्यानं सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादीही छापली. इंग्रजी मजकुराचा पाच भागांतला चार भाग त्या यादीतल्या शब्दांनीच भरलेला असतो. तू हातात घेशील त्या पातळ पुस्तकाची वंशावळ अशी ढाक्याच्या वर्गापर्यंत जाते. मोठेपणा सांगायला हे सांगत नाही. नवा शब्द पुन्हा पुन्हा भेटला पाहिजे, ही त्याची खूणगाठ तूही बांधून ठेव, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता कोशाचं. वीरकरांची डिक्शनरी घरातून नेली आहेस, ती राहू दे टेबलावर. वाचताना मात्र ती मिटलेली हवी आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. समज, गोष्टीत एक म्हातारा आहे. सून चहा आणून देते, तो घोट घेतो आणि 'ग्रंबल' करतो. तुला शब्द माहीत नाही. पुढे जा. दोन पानांनंतर बस उशिरा येते, म्हातारा पुन्हा 'ग्रंबल' करतो. संध्याकाळी गुडघा दुखतो, नातू पंखा मोठा करतो, आणि म्हातारा रात्रभर 'ग्रंबल' करत पडतो. तिसऱ्या वेळेला तुला कुणी सांगायची गरज आहे का? आपल्या घरातला असा एक म्हातारा तुझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला असेल. कोशात बघून पाठ केलेला शब्द परीक्षेपर्यंत टिकतो. असा आपणहून उमगलेला शब्द सहसा सोडून जात नाही, कारण त्याला चहा, बस आणि गुडघा चिकटलेले असतात. एखादा शब्द फारच छळत असेल, पानापानावर येऊन गोष्ट अडवत असेल, तर प्रकरण संपल्यावर तेवढा एक बघ. प्रकरणाला दोन, फार तर तीन. आणि शब्दांच्या वर पेन्सिलीनं अर्थ लिहू नकोस. एकदा मराठी अर्थ वर बसला की डोळा तोच वाचतो, खालचं इंग्रजी वाचायचं सोडून देतो.

जपानमध्ये यावर एक चळवळच उभी आहे. तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण तुझ्यासारखीच, किंबहुना जास्त. वर्षानुवर्षं शाळेत इंग्रजी शिकायचं, परीक्षेपुरतं व्याकरण पक्कं, आणि पुस्तक उघडलं की घाम. तिथं कुनिहिदे साकाई या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या मंडळींनी तीन नियम घालून दिले: कोश बघायचा नाही, कळत नाही ते ओलांडून पुढे जायचं, आणि कंटाळा आला की पुस्तक सोडायचं. लक्ष्य दहा लाख शब्द वाचण्याचं. सुरुवात कुठून, तर पानाला एखादंच वाक्य असलेल्या, इंग्लंडमधल्या लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांपासून. तोयोता शहरातल्या तंत्रमहाविद्यालयात इंजिनिअरिंगची मोठाली मुलं ही पुस्तकं वर्षानुवर्षं वाचत आली आहेत आणि तिथल्या शिक्षकांनी त्याच्या नोंदी ठेवल्या आहेत.

यातला तिसरा नियम आपल्याला सगळ्यात जड जातो. पानात वाढलेलं टाकू नये हे आपण पुस्तकालाही लावतो. घेतलं ना, मग संपव. का म्हणून? पंधरा-वीस पानांत गोष्टीनं धरलं नाही तर परत कर. न वाचता परत केलेल्या पुस्तकाला दंड नसतो. उशिरा परत केलेल्याला असतो.

लाजेचं मघाशी म्हणालो, ते आता. होस्टेलवर तुझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी कॉन्व्हेंटची असेल, तिच्या उशाशी जाड कादंबरी असेल, आणि तुझ्या हातात मोठ्या टायपातलं, चित्रं असलेलं, साठ पानांचं पुस्तक. ती हसेल कदाचित. तर पुस्तकाला खाकी कव्हर घाल आणि विषय संपव. मी हे चेष्टेनं सांगत नाही. चांगली चांगली मुलं या एका कारणापायी अवघड पुस्तक घेऊन मिरवतात आणि दहाव्या पानावर थांबतात. आमच्याकडे काउंटरवर मुलं सोपी पुस्तकं घेताना "लहान बहिणीसाठी हवंय" असं सांगायची. मी काही बोलायचो नाही, पण बहुतेकांना लहान बहीण नव्हती.

आणि नापास होणाऱ्यांना उद्देशून एक गोष्ट आहे, ती तुझ्या एटीकेटीवाल्या मैत्रिणींना जरूर सांग. बेनिको मेसन या जपानमधल्या प्राध्यापिका. इंग्रजीत नापास होऊन तोच विषय पुन्हा घेतलेल्या विद्यापीठाच्या मुलांचा वर्ग त्यांच्याकडे आला. त्यांनी ठरलेलं व्याकरण आणि भाषांतर बाजूला ठेवून सेमिस्टरभर त्या मुलांना सोपी पुस्तकं वाचायला लावली. सुरुवातीला हा वर्ग नेहमीच्या वर्गाच्या पुष्कळ मागे होता. सेमिस्टर संपेपर्यंत जवळजवळ बरोबरीला आला. मार्कांपेक्षा मला त्यातलं दुसरं निरीक्षण मोलाचं वाटतं: इंग्रजीचा तिटकारा असलेल्या त्या मुलांतली बरीच जण आवडीनं वाचायला लागली. स्टीफन क्रॅशन यांच्याबरोबर त्यांनी १९९७ मध्ये हे लिहून प्रसिद्ध केलं. तसाच प्रकार त्याआधी फिजी बेटांवर झाला होता, खेड्यांतल्या शाळांमध्ये. वर्गावर्गांत अडीचशे अडीचशे गोष्टीची पुस्तकं नेऊन ओतली आणि वर्षभरात मुलांचं वाचन इतर शाळांच्या कितीतरी पुढे गेलं.

वर्तमानपत्राचं म्हणालो, नको. का, ते सांगतो. कादंबरी काय किंवा वर्तमानपत्र काय, कोशाशिवाय वाचायचं तर आठ-नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ) लागतात, असा नेशन यांचा २००६ चा हिशेब आहे. त्यातही अग्रलेख म्हणजे सगळ्यात कठीण कोपरा: लांब वाक्यं, उपरोध, कालच्या संसदेचे संदर्भ. मथळ्यांचं इंग्रजी तर वेगळंच, सहायक क्रियापदं गाळलेलं. वाचायचाच असेल तर शेवटून वाच. क्रिकेटची मॅच तू रात्री पाहिलेली असतेस. कोण कसा बाद झाला हे माहीत असतं. त्याचा वृत्तान्त सकाळी वाचला तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

हाच धागा पुढे ओढता येतो, आणि मराठी वाचणाऱ्याला इथं जी सोय आहे तिचा फायदा फार थोडे घेतात. गोष्ट आधी मराठीत माहीत असली की इंग्रजी पुस्तक एक पायरी खाली उतरतं. सुधा मूर्ती तू लीना सोहोनींच्या अनुवादातून वाचल्या आहेस. त्याच आता इंग्रजीत वाच. त्यांचं इंग्रजी मुद्दाम साधं आहे. त्यानंतर रस्किन बाँड, त्यानंतर आर. के. नारायण. हा क्रम माझा, पण पुष्कळ मुलांवर तो चाललेला पाहिला आहे. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' १९३५ चं आहे, तरी त्यातली शाळा, मास्तर आणि क्रिकेटचा क्लब तुला परके वाटणार नाहीत. इंग्लंडमधल्या गोष्टीत भाषा आणि वातावरण दोन्ही अनोळखी असतं. इथं अर्धा डोंगर कमी.

पु. ल. देशपांड्यांचं 'एका कोळियाने' घरी आहे. ते आधी पुन्हा वाच आणि मग हेमिंग्वेचं मूळ 'द ओल्ड मॅन अँड द सी' घे, १९५२ चं. छोटं पुस्तक आहे, वाक्यं आखूड आहेत, अडतात ते गळ, दोर, होडी, भाला असले समुद्रावरचे शब्द. आणि तिथं काय चाललंय हे तुला मराठीतून ठाऊक असतं. ग्रेडेड रीडरांतून तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत आलीस की हे हाताशी घे. पण या युक्तीला एक अपवाद लक्षात ठेव. राम पटवर्धनांचं 'पाडस' तुला आवडलं होतं, म्हणून उत्साहानं मूळ 'द यर्लिंग' उघडशील. नको उघडूस. फ्लोरिडाच्या रानातली माणसं तिथं आपल्या बोलीत बोलतात आणि ती बोली लेखिकेनं उच्चाराप्रमाणे लिहिली आहे; शुद्ध इंग्रजी येणारेही चाचपडतात. ते पुढं, सावकाश.

उलटा रस्ताही आहे. मराठीतली पुस्तकं इंग्रजीत गेली आहेत. 'श्यामची आई' शांता गोखल्यांनी इंग्रजीत आणली, २०२१ मध्ये. माडगूळकरांची 'बनगरवाडी' राम देशमुखांनी 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' म्हणून १९५८ सालीच नेली. दया पवारांचं 'बलुतं' जेरी पिंटोंनी नेलं. धनगरांची वस्ती, मेंढरं, चावडी हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोरचं. फक्त ते इंग्रजीत कसं उभं राहतं हे बघायचं. यात मन रमतं, आणि मन रमलं की शब्दांचं ओझं वाटत नाही.

मोबाइलवर फुकट मिळतं तेच वाच, असं तुझा भाऊ सांगेल. फुकट म्हणजे सोपं नव्हे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर हजारो पुस्तकं मोफत आहेत, पण ती मोफत आहेत ती जुनी, हक्क संपलेली म्हणून. म्हणजे भाषा बहुतेक शंभर वर्षांपूर्वीची. सध्या तिकडे जाऊ नकोस. त्यापेक्षा प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर उघड. २०१५ पासून आहे, मोफत आहे, गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि एकच गोष्ट अनेकदा मराठीतही असते. चौथ्या पातळीपासून सुरू कर; लहान मुलांचं आहे म्हणून नाक मुरडू नकोस, विज्ञानावरच्या गोष्टी तर तुझ्या कामाच्याच आहेत. शिवाय पुण्याला गेलीस तर अप्पा बळवंत चौक, मुंबईला गेलीस तर हुतात्मा चौकातले फुटपाथ, आणि कुठंच नाही गेलीस तरी गावातला रद्दीवाला. शाळा सोडून गेलेल्या मुलांची 'टिंकल'ची जुनी चळत त्याच्याकडे हमखास निघते. गठ्ठाच उचल.

कानांचंही बघायला हवं. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो, त्यामुळे 'रिसीट'मधला पी मनातल्या मनात उच्चारत बसतो, आणि लेक्चरमध्ये तोच शब्द पीशिवाय आला की ओळखीचा माणूस वेश बदलून आल्यासारखं होतं. बऱ्याच ग्रेडेड रीडरांबरोबर ध्वनिफीत असते, आता मोबाइलवर मिळते. एखादं पुस्तक नुसतं वाच, मग तेच ऐकत ऐकत वाच. मागं फिरून पुन्हा ओळ वाचायची खोड यानं मोडते, कारण आवाज तुझ्यासाठी थांबत नाही. मोठ्यानं वाचायचं का, असं आई विचारेल. उच्चारासाठी पाच मिनिटं वाच मोठ्यानं. पण गोष्ट वाचायची ती मनात, ओठ न हलवता. ओठ हलले की वेग बोलण्याइतकाच राहतो.

वेगावरून आठवलं. सुरुवातीला मिनिटाला शंभर शब्द झाले तरी पुष्कळ. वीस मिनिटांत दोन हजार. पुढे दीडशेवर गेलीस की त्याच वीस मिनिटांत तीन हजार, आणि वर्षाला दहा लाखांच्या घरात. जपान्यांचा तो मोठा आकडा म्हणजे रोजची वीस मिनिटं, इतकंच. रविवारी तीन तास बसून भरपाई करू असं म्हणू नकोस. कालचे शब्द आज भेटले तर ओळख लागते, आठवड्यानं भेटले तर पुन्हा परके. रात्री जेवण झाल्यावर, अभ्यासाला बसण्याआधी, किंवा एसटीत खिडकी मिळाली तर तिथं. छोटी वही कर: तारीख, पुस्तक, पायरी, किती पानं, आणि एक ओळ मनाला येईल ती. शब्दार्थ लिहायचे नाहीत त्यात. सारांश तर मुळीच नाही, सारांश लिहायचाय म्हटलं की वाचणं पुन्हा होमवर्क होतं. तीन-चार मैत्रिणी मिळाल्या तर फार बरं. बीटी कार्डावर दोनच पुस्तकं मिळतात, चौघींची आठ होतात, आणि खाटेवर बसून "तो खून कुणी केला ते सांगू नकोस हं" असं भांडता येतं. जपानच्या कुठल्याही नियमापेक्षा ते भांडण जास्त वाचायला लावतं.

यानं काय होणार नाही तेही सांगतो, नाहीतर सहा महिन्यांनी मला बोल लावशील. नुसतं वाचून बोलता येत नाही, बोलायला बोलावंच लागतं. परीक्षेतला व्हॉइस बदला, रिपोर्टेड स्पीच करा हा प्रकार वेगळा, त्याचा सराव वेगळा. तर्खडकरांची जुनी इंग्रजीची पुस्तकं अजून त्यासाठी वाईट नाहीत. कम्पल्सरी इंग्लिशचे धडे ओळ न ओळ करायचेच. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत फरक दिसत नाही. मुलं नेमकी तेव्हाच सोडतात. पहिली खूण बहुधा वाचनात दिसत नाही, लेक्चरमध्ये दिसते. तुला वाटतं, विज्ञानाचे अवघड शब्द अडवतात. तसं नाही. 'ऑस्मॉसिस' सर फळ्यावर आकृती काढून समजावतात. तू अडखळतेस ती 'अनलेस', 'व्हेअरॅज', 'प्रोव्हायडेड दॅट' असल्या बारक्या शब्दांपाशी, जे कुणी फळ्यावर लिहीत नाही. गोष्टींमध्ये वाक्यं जोडणारे असे बारके शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. एक दिवस सरांचं लांब वाक्य संपतं आणि आपण मधे कुठं हरवलो नाही हे तुझ्या लक्षात येतं. कधी ते सांगता येत नाही.

आणि मराठी वाचणं सोडू नकोस. होस्टेलवर गेलं की मुली पहिल्यांदा तेच सोडतात, इंग्रजी सुधारायचंय म्हणून. वाचण्याची बैठक एकदाच तयार होते, ती दोन्ही भाषांना चालते. इतक्या वर्षांत मराठी न वाचणारा मुलगा इंग्रजी मात्र आवडीनं वाचतोय, असं मी क्वचितच पाहिलं.

परीक्षेच्या दिवसांत वीसची दहा मिनिटं कर, पण शून्य नको. तेव्हा नवं काही न घेता आधी वाचलेलं आवडतं पुस्तक पुन्हा वाच. सुट्टीत मात्र पिशवी भरून आण. कॉलेजच्या ग्रंथालयात सुट्टीसाठी जादा पुस्तकं देण्याची पद्धत असते, विचारावं लागतं.

विचारण्यावरून शेवटचं. उद्या काउंटरवर जाशील तेव्हा ग्रंथपालाला "मला इंग्रजी सुधारायचंय" असं सांगू नकोस. तो भला माणूस उठून व्याकरणाचं तीनशे पानांचं पुस्तक तुझ्या हातात ठेवील. "सर, एखादी सोपी, पातळ रहस्यकथा आहे का? ४२८ च्या खणात बघू का?" असं विचार. तो चष्म्यावरून एकदा तुझ्याकडे बघेल, कारण हा आकडा त्याला आजवर कुणी विद्यार्थ्यानं सांगितलेला नसणार, आणि मग स्वतःच किल्ली घेऊन उठेल.